न ठरलेल्या वस्तूंचं पिंप

मी पिंप बोलतोय. निळं, प्लॅस्टिकचं, माणसाच्या छातीइतकं उंच. उभ्यानंच बोलतोय, कारण पिंप आडवं पडलं की घरंगळतं आणि मग कोणीही येऊन त्याला पाय लावतं. माझ्या काठाला चीर गेली आहे, बुडाशी पाण्याचा हिरवा डाग आहे, अंगावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं आहे, ‘अजून ठरलं नाही’. मला बघून लोक म्हणतात, हे अजून कशाला ठेवलंय. ठेवलंय, कारण मी कामाचा आहे. कसा, ते सांगतो. ऐकायचं नसेल त्यानं पुढं जावं, माझं काही अडलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथं आम्ही मिनिटाला एक जन्मायचो, त्यामुळं बारसं वगैरे कोणी केलं नाही. आधी माझ्यात खारवलेली ऑलिव्हची फळं भरली. ती खाऊन संपल्यावर मला धुतलं आणि ब्रुकलिनमधल्या एका दुकानाबाहेर फुटपाथवर उभं केलं. तिथं आमचीच माणसं यायची, जमैकाची, त्रिनिदादची, गयानाची. आमच्या पोटात डोकं घालायची, वास घ्यायची आणि भाव पाडायची. डेलरोझनंही वास घेतला. ती म्हणाली, “ऑलिव्हचा वास आहे. असू दे. रॉकेलचा नाही ना?” आणि मला घेऊन गेली.

डेलरोझ परक्या म्हाताऱ्यांची त्यांच्या घरी जाऊन सेवा करायची आणि तळघरातल्या एका खोलीत राहायची. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये मी चार महिने उभा होतो. दर शुक्रवारी ती काहीतरी आणायची आणि माझ्यात लावायची. भरायची म्हणत नाही मी, लावायची. पिंप लावणं ही विद्या आहे. खाली डबे आणि तेलाच्या बाटल्या, बाटल्यांना टॉवेल गुंडाळलेले. त्यावर तांदूळ, पीठ, साखर. बूट कधी रिकामा जायचा नाही. बुटात मोजे, मोज्यात पेन्सिली. बोटभर फट दिसली तर तिथं दोऱ्याचं रीळ. आणि अगदी वर, झाकणाखाली, जे तिच्या मनात सगळ्यात आधी ते. माझ्या वेळी तिथं पिवळा फ्रॉक होता, नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा.

ती मुलगी नोव्हलेट. ती जमैकात, मँडेव्हिलच्या वरच्या अंगाला न्यू होप नावाच्या वाडीत आपल्या आयोनी आंटीकडं राहायची. दोन वर्षं तिनं आईला पाहिलं नव्हतं.

बोटीनं मी किंग्स्टनला आलो आणि धक्क्यावरून वाडीतल्या मास क्लिफ्टनच्या पिकअपमधून डोंगरावर. आमच्याकडं मोठ्या पुरुषाला मानानं मास म्हणतात. झाकण उघडलं तेव्हा सगळी वाडी अंगणात होती. आयोनी आंटीनं वस्तू वाटल्या, काही दडवल्या, आणि रविवारी नारळाच्या दुधात तांदूळ आणि राजमा शिजवला. पहिला घास तोंडात गेला आणि सगळ्यांनी ताटात बघितलं. भाताला साबणाची चव होती. डेलरोझनं एवढं सगळं शहाणपणानं लावलं, पण साबणाच्या वड्या तांदळाच्या पिशवीला चिकटून ठेवल्या होत्या. आमच्याकडं पिंपातून आलेलं टाकत नाहीत. सगळ्यांनी तो भात मान खाली घालून संपवला.

नोव्हलेटनं मात्र दुसऱ्या दिवशी आईला पत्र लिहिलं. फ्रॉक आवडला, छोटा होतो, आणि साबण तांदळाजवळ ठेवू नकोस. आयोनी आंटी म्हणाली, “आईला अक्कल शिकवतेस?” पण पत्र टाकलं.

मग त्या पोरीनं एक वेगळंच काढलं. घरातल्या वस्तू गोळा करून ती मला पुन्हा लावायला बसली. तेवढ्याच वस्तू, तेच पिंप, पण झाकण काही लागेना. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ती आत उतरून लावायची, बाहेर येऊन बघायची, सगळं काढायची. तिसऱ्या दिवशी दुपारी झाकण बसलं. ती झाकणावर चढून बसली आणि बराच वेळ उतरली नाही. तिला शाळेत काय शिकवलं ते मला माहीत नाही, पण तिचं खरं शिक्षण कुठं झालं ते मी बघितलंय.

वर्गातली मुलं तिला ‘पिंपाची पोर’ म्हणायची. ज्यांची आई परदेशात आणि आईच्या जागी पिंप येतं, त्यांना तसंच म्हणतात. एकदा एका मुलीनं अंगणात येऊन म्हटलं. नोव्हलेटनं तिच्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, “हो. आणि तुझ्या पायातल्या सपाता त्याच पिंपातल्या आहेत. काढ.” त्या मुलीनं काढल्या आणि अनवाणी घरी गेली. मला तेव्हाच कळलं होतं की ही पोर दबायची नाही.

नंतर आणखी पिंपं आली, डेलरोझही दोनदा येऊन गेली. नोव्हलेट बावीस वर्षांची असताना डेलरोझ तिकडंच वारली. घरमालकिणीनं तिचं सामान पाठवलं ते काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत. बूट, पत्रं, भांडी, अंतर्वस्त्रं, सगळं एकात एक कोंबलेलं, एक बाटली फुटून तेल सगळ्यावर पसरलेलं. ज्या बाईनं आयुष्यात बोटभर जागा फुकट घालवली नाही तिचं सामान असं आलं. नोव्हलेट रडली नाही. तिनं एकेक वस्तू पुसली, वाळवली, घडी केली. मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

त्यानंतर मला पन्हळीखाली उभं केलं. वीस वर्षं मी पावसाचं पाणी धरलं. माझ्यात बेडूक राहिले, शेवाळ राहिलं, आरोग्य खात्याचा माणूस येऊन झाकण लावा म्हणून ओरडून गेला. कोणी मला काही विचारलं नाही. पाण्याला नाही म्हणता येत नाही, ते वरून येतं.

नोव्हलेट तोवर मँडेव्हिलमधल्या एका मोठ्या दुकानाच्या गोदामात कामाला होती. कुठला खिळा कुठल्या फळीवर, हे ती डोळे मिटून सांगायची. मग मालकाचा भाचा परदेशातून आला, त्याला मोठी खुर्ची मिळाली आणि नोव्हलेटला सांगितलं की याला काम शिकव. तिनं पंधरा दिवस शिकवलं. सोळाव्या दिवशी किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवून ती घरी आली.

आयोनी आंटी ओट्यावर शेंगा सोलत होती. “मग आता काय करणार?”

“लोकांची घरं लावून देणार. धंदा म्हणून.”

“लावून देणार म्हणजे?”

“लोकांना आपल्याच घरात आपली वस्तू सापडत नाही, आंटी. सापडेल असं करून द्यायचं. काय ठेवायचं, कुठं ठेवायचं, काय घालवायचं. बाहेरच्या देशांत याला धंदा म्हणतात.”

“आमच्याकडं याला शनिवार म्हणतात,” आंटी म्हणाली. “शनिवारी सगळेच आवरतात. त्याचे पैसे कोण देतंय?”

मास क्लिफ्टन पिकअपच्या टपाला टेकून ऐकत होता. आता त्याचे केस पिकले होते, जीभ तेवढीच तिखट होती. “म्हणजे मोलकरीणच ना गं? फक्त पाटीवाली.”

“मोलकरणीला मालकीण सांगते, मास क्लिफ्टन. इथं मी सांगणार आणि मालकीण ऐकणार.”

“आणि नाही ऐकलं तर?”

“त्यासाठी पिंप आहे,” नोव्हलेट म्हणाली आणि माझ्याकडं आली.

तिनं माझ्यातलं पाणी ओतून दिलं. आंबट संत्र्याच्या फोडी आणि राख घेऊन मला आतून बाहेरून घासलं. वीस वर्षांनी माझ्या पोटात कोणीतरी डोकं घातलं होतं. मग तिनं पांढऱ्या रंगानं माझ्या अंगावर लिहिलं, ‘अजून ठरलं नाही’. तिची पद्धत अशी होती: जे राहणार ते एका बाजूला, जे जाणार ते दुसऱ्या बाजूला. ज्याच्यावर माणूस अडतो, हात पुढं जातो आणि मागं येतो, ते माझ्यात. माझ्यात आलेलं टाकायचं नाही. तीन महिने राहू द्यायचं आणि मग त्या माणसालाच विचारायचं. काळी पिशवी घरात आणायची नाही, हा पहिला नियम. तो तिनं कुठं लिहिला नव्हता.

दाराशी धंद्याची पाटी लागली आणि कोणी आलं नाही. चर्चच्या पाळकाच्या बायकोनं बोलावलं, पण फुकट, म्हणाली, “ये आणि माझ्या स्वयंपाकघराला आशीर्वाद देऊन जा.” नोव्हलेट म्हणाली, “आशीर्वाद तुमच्या घरात आधीच आहे, फळ्या नाहीत.” आणि तरी जाऊन लावून आली. दुकानात कोणी भेटलं की विचारायचं, “काय नोव्हलेट, मिळालं का कुणाचं कपाट?” आणि हसायचं. एका सकाळी माझ्या काठावर हात टेकून ती मला म्हणाली, “ख्रिसमसपर्यंत एक खरं घर मिळालं नाही तर त्या भाच्याकडं परत जाऊन उभं राहावं लागेल.” दुसऱ्या कोणाला तिनं हे सांगितलं नाही.

नोव्हेंबरात टोरांटोहून फोन आला. कॅरल नावाच्या बाईचा. तिची आई मिस आयसिल्डा मँडेव्हिलमध्ये एकटी राहायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, निवृत्त पोस्टमिस्ट्रेस. कॅरल दहा दिवस येणार होती, त्यांतल्या चार दिवसांत घर रिकामं हवं होतं. दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. काम झालं तर तिच्या ओळखीच्या आणखी तिघींची घरं होती, सगळ्यांच्या आया इकडं आणि मुली तिकडं. नोव्हलेट फोन ठेवून माझ्या झाकणावर थाप मारून हसली. एवढी हसताना मी तिला फार दिवसांनी बघत होतो.

कामाच्या पहिल्या सकाळी आम्हाला फाटकाशी कॅरलनंच गाठलं. “कामाच्या बायका मागच्या दारानं येतात.”

नोव्हलेटनं मला पिकअपमधून उतरवलं आणि घरंगळत नाही, उभ्यानं, काठावर फिरवत पायऱ्यांशी आणलं. “पिंप मागच्या दारानं जात नाही, मॅडम.”

“मागचं दार तर रुंद आहे.”

“दाराचं काही नाही. पिंप मानी आहे.”

मास क्लिफ्टननं तोंडावर रुमाल धरला. आम्ही पुढच्या दारानं आत गेलो.

मिस आयसिल्डा ओट्यावरच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिनं नोव्हलेटच्या नमस्काराला मान हलवली, बस. तीन दिवस ती तशीच बसली. नोव्हलेट आत काय करते ते तिला खिडकीतून दिसत होतं. आत बिस्किटांच्या डब्यांत बटणं होती, आइस्क्रीमच्या डब्यांत वाळवलेल्या शेंगा, आणि काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे बारा ग्लास, कधी न वापरलेले. नोव्हलेटनं ओट्यावर जाऊन विचारलं, “हे ग्लास कशासाठी ठेवलेत, मिस आयसिल्डा?”

“पाहुण्यांसाठी.”

“कुठल्या?”

“आले नाहीत अजून,” मिस आयसिल्डा म्हणाली. तीन दिवसांत ती एवढंच बोलली, आणि नोव्हलेटनं पुढं काही विचारलं नाही. तिथंच ती चुकली, असं मी म्हणेन. हुकूम देणारी कॅरल घरभर फिरत होती, म्हणून हिनं तिचंच ऐकलं. घर ज्या बाईचं, तिला विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कॅरलनं पलंगाखालून एक तपकिरी सूटकेस ओढली. आमच्याकडं तिला ग्रिप म्हणतात. आत नवा झगा, दोन पांढऱ्या चादरी, टॉवेल, पावडरचा डबा, नव्या सपाता आणि पांढरा लेसचा पोशाख. सगळं नवं, काहींना अजून चिठ्ठ्या.

“बघ हिचं,” कॅरल म्हणाली. “मी दर ख्रिसमसला पाठवते आणि ही पलंगाखाली कोंबते. चर्चच्या जत्रेतल्या विक्रीला देऊन टाक.”

नोव्हलेटचा हात पुढं गेला आणि अडला. मी बघत होतो. ज्याच्यावर हात अडतो ते माझ्यात, हा तिचाच नियम. पण मी काठोकाठ भरलेला होतो, चार दिवसांतला तिसरा दिवस कलायला लागला होता, कॅरल डोक्यावर उभी होती. आणि परदेशातून आलेलं नवं सामान आमची माणसं ‘चांगल्या वेळेसाठी’ ठेवून ठेवून कुजवतात, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. तिला वाटलं हेही तसलंच. तिनं ग्रिप मास क्लिफ्टनच्या हातात दिली. माझ्यात ती मावली नसती हे खरं, पण आतलं सामान मावलं असतं. डेलरोझनं मावेल असं लावलं असतं. मला त्या दिवशी नोव्हलेटचा राग आला.

तासाभरानं मिस आयसिल्डा आत आडवी व्हायला गेली. रोजच्या सवयीनं तिनं पलंगाखाली हात घातला असणार. ती दारात आली.

“माझी ग्रिप कुठाय?”

नोव्हलेटनं हातातली घडी खाली ठेवली.

“त्यात माझी तयारी होती. दवाखान्यात नेलं तर झगा आणि टॉवेल. तिथून परत नाही आले तर पांढरा पोशाख. परक्यानं माझी कपाटं उचकायला नकोत म्हणून नऊ वर्षं तयार ठेवली होती मी.”

“मम्मी, असं काय बोलतेस,” कॅरल म्हणाली. “मी नवं घेऊन देते सगळं.”

“त्या पोशाखाची लेस मी विणली आहे. तू चार दिवसांत घर रिकामं करायला आलीस ना? मग मलाही पिशवीत घाल आणि गाठ मार.”

नोव्हलेट पुढं झाली. तिचा चेहरा उतरला होता, पण ती मान खाली घालून उभी राहिली नाही. “चूक माझी आहे, मिस आयसिल्डा. माझ्या आंटीच्या पलंगाखाली अशीच ग्रिप आहे. मला कळायला हवं होतं. मी घेऊन येते.”

तिनं माझ्यातलं सगळं सोफ्यावर काढलं आणि मला पिकअपमध्ये चढवलं. “पिंप कशाला?” मास क्लिफ्टननं विचारलं. “या खेपेला हे बरोबर असू दे,” ती म्हणाली.

चर्चच्या दालनाचं बाजूचं दार उघडं होतं, पिकअप दाराला लावलेली, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. जत्रा सुरू झाली होती. सिस्टर एनिड टेबलामागं बसली होती. चादरी आणि टॉवेल तिच्यापुढंच होते, झगा हँगरवर, ग्रिप टेबलाखाली. सपाता तेवढ्या कोणीतरी घेऊन गेलं होतं. आणि पांढरा पोशाख एका तरण्या मुलीनं छातीशी धरला होता, आरशासमोर. रविवारी तिचा बाप्तिस्मा होता.

“ताई, तो पोशाख परत हवा,” नोव्हलेट म्हणाली.

“का म्हणून? मी विकत घेतलाय.”

“चुकून आलाय. एका बाईचा आहे.”

“मग त्या बाईनं सांभाळायचा होता.”

“तिनं सांभाळला होता. तिच्या पुरण्याचा आहे तो.”

मुलीनं पोशाख असा सोडला की तो जमिनीवर पडला. तीन पावलं मागं सरून ती हात स्कर्टला पुसायला लागली. “मेलेल्या बाईचा?”

“जिवंत आहे ती. ओट्यावर बसली आहे.”

“नको बाई. घेऊन जा. आणि दुसरं काहीतरी धुतलेलं द्या मला.” तेवढ्यात टॉवेल बघणाऱ्या दोन बायकांनीही टॉवेल खाली ठेवले आणि सिस्टर एनिडनं झगा स्वतः हँगरवरून काढून माझ्यात टाकला, दोन बोटांनी. नोव्हलेटनं तो बाहेर काढला, घडी केली आणि परत ठेवला. रिकामी ग्रिप तिनं स्वतःच्या मांडीवर घेतली.

आम्ही निघालो तेव्हा गोष्ट आमच्या पुढं निघाली होती. बाजारात पिकअप हळू झाली तर एक भाजीवाली ओरडून म्हणाली, “नोव्हलेट, माणूस जायच्या आधीच आवरायला लागलीस होय?” सगळे हसले. मास क्लिफ्टन हसला नाही. “संपलं गं तुझं,” तो म्हणाला. नोव्हलेट समोर रस्त्याकडं बघत होती. “ते मी ठरवीन,” ती म्हणाली.

घरी कॅरल दारातच उभी होती. “ठेव ते सगळं आणि तू जा. माझ्या मैत्रिणींना फोन केलाय मी, त्यांची घरं विसर. उद्या दोन माणसं येतील कचऱ्याच्या पिशव्या घेऊन, एका दिवसात काम होईल.”

पिशव्या म्हटल्याबरोबर नोव्हलेटचा आवाज बदलला. “पिशव्या या घरात येणार नाहीत, मॅडम.”

“तू कोण सांगणारी? काम मी दिलंय तुला.”

“काम तुम्ही दिलंत. घर यांचं आहे.” ती मला घेऊन सरळ ओट्यावर आली, मिस आयसिल्डाच्या खुर्चीजवळ मला उभं केलं आणि माझ्यातून एकेक वस्तू काढून तिच्या मांडीवर ठेवली. “सपाता मिळाल्या नाहीत. माफ करा.”

मिस आयसिल्डानं लेसवरून बोट फिरवलं. “सपाता राहू दे. तिकडं अनवाणी चालतं.” मग तिनं पहिल्यांदा नोव्हलेटकडं नीट बघितलं. “चाळीस वर्षं पोस्ट चालवलं मी. सगळ्या गावाची पाकिटं माझ्या हातून गेली. विचारल्याशिवाय एकही उघडलं नाही.”

“नाही उघडलं,” नोव्हलेट म्हणाली. “मी उघडलं.”

“मग आता विचार.”

नोव्हलेट माझ्याशेजारी जमिनीवर बसली. “घराचं काय करायचं, मिस आयसिल्डा?”

“एक खोली रिकामी करायची,” मिस आयसिल्डा म्हणाली. “ती एखाद्या नर्सला द्यायची आहे भाड्यानं, म्हणजे घरात माणूस राहील. दुसरी खोली माझी. चार दिवसांत नाही, मला वेळ लागेल तेवढ्या दिवसांत. मी खुर्चीत बसणार आणि प्रत्येक वस्तू माझ्या हातात देऊन विचारायची. कॅरल, तू चहा कर. आणि त्या काचेच्या कपाटातले ग्लास काढ, या बाईला पाणी दे.”

“मम्मी, ती मदतनीस आहे.”

“ती पाहुणी आहे. आली एकदाची.”

कॅरल रडायला लागली. तिला वाईट माणूस म्हणायचं नाही मला. हजार कोसांवरून आईची काळजी करणाऱ्या माणसाला घर रिकामं केलं की काळजी संपेल असं वाटतं. पण त्या दिवशी तिनं ग्लास काढले आणि पाणीही दिलं.

काम चार दिवसांचं एकवीस दिवस चाललं. कॅरल निम्म्यातच परत गेली. मिस आयसिल्डानं घर स्वतः लावून घेतलं. काय जाणार ते तिनं ठरवलं, आणि जे ठरेना ते माझ्यात. पुष्कळदा ती सकाळी येऊन माझ्यातलं काहीतरी परत घ्यायची आणि दुपारी परत टाकायची. मी तक्रार केली नाही. त्यासाठीच मी आहे.

कॅरलच्या ओळखीच्या तिघी मुलींचे फोन आले नाहीत. पण ख्रिसमसच्या आधी फोन वाजला आणि पलीकडं एक म्हातारा आवाज होता. “ती ग्रिप परत आणणारी बाई तूच का? माझ्या मुलाला माझं घर आवरायचंय. तो यायच्या आत तू ये.” मग दुसरा, मग तिसरा. आया फोन करत होत्या, मुली नाही. ज्या गोष्टीवर बाजार हसला, त्याच गोष्टीनं धंदा चालला. नोव्हलेटनं पाटीवर नवी ओळ रंगवली: विचारल्याशिवाय उघडत नाही. त्या भाच्याच्या दुकानात ती गेली, पण खिळे आणायला, आणि पैसे मोजून दिले.

फेब्रुवारीत आयोनी आंटीनं पलंगाखालून आपली ग्रिप ओढली आणि नोव्हलेटच्या पुढं ठेवली. “लाव नीट. तुझ्या आईसारखी.”

“उघडू?”

“विचारतेस काय, नाहीतर कशाला दिली?” आंटी म्हणाली, पण उघडेपर्यंत बघत उभी राहिली. नोव्हलेटनं लावली. आंटीनं झाकण लावून बघितलं, दोनदा, आणि दारात आलेल्या शेजारणीला म्हणाली, “आज नोव्हलेटला वेळ नाही. तिची कामं चालू आहेत. नाव सांगून जा.”

आता माझं म्हणाल तर गेल्या महिन्यात पायरीवरून पडलो आणि काठाला ही चीर गेली. मास क्लिफ्टन एक नवीन पिंप घेऊन आला, चाकांचं, करड्या रंगाचं, आतून स्वच्छ. “हे घे, आणि हे जुनं मला दे. मधोमध कापतो, डुकरांना पाणी पाजायला होईल.”

नोव्हलेटनं नव्या पिंपाचं झाकण उघडून बघितलं. चाकं फिरवून बघितली. चांगलं आहे ते, मी खोटं बोलणार नाही. मग ती माझ्याकडं आली, बोटांनी माझ्या अंगावर टकटक केलं आणि म्हणाली, “काय रे, राहतोस की जातोस?”

मास क्लिफ्टन खो खो हसला. “पिंप काय सांगणार?”

“माझा नियम आहे,” ती म्हणाली. “विचारते मी.” आणि उत्तराची वाट बघत खरोखरच उभी राहिली.

चौतीस वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं. ऑलिव्ह भरली तेव्हा नाही, बोटीत चढवलं तेव्हा नाही, पन्हळीखाली उभं केलं तेव्हा नाही. आज विचारलंय, म्हणून एवढं बोललो. मी राहतो.